काठ नसलेली विहीर

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी बिदरला येऊन गेला. त्वेर गावचा माणूस. विकायला एक घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडाच काढून घेतला. तो कसाबसा सोडवून त्यानं अखेर बिदर गाठलं. त्याच्या प्रवासवर्णनाचं नावच ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ असं आहे. म्हणजे तीन-तीन समुद्र ओलांडून लोक आमच्या जिल्ह्यात येऊन गेल्याला साडेपाचशे वर्षं झाली, आणि आमच्या दुबलगुंडीच्या पोरांनी गेल्या जानेवारीपर्यंत एकही पाहिला नव्हता.

त्यात पोरांचा दोष नाही. दुबलगुंडी पडलं हुमनाबाद तालुक्यात, भर पठारावर. कुठल्याही बाजूला चालत सुटलं तरी समुद्राआधी सासुरवाडी लागते. 2017 साली बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली आणि हुमनाबाद स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून आली. सहाशे मीटरच्या वर. समुद्राशी आमचा अधिकृत संबंध तो एवढाच.

पाणी आमच्याकडं वरून खाली मोजतात. किती फुटांवर लागलं, किती इंची लागलं, आणि लागलंच नाही तर केवढ्याला पडलं. मी या पोरांना कॉलेजात मराठी शिकवतो. वर्गात बोअरच्या गाडीवाल्यांचा एक मुलगा आहे. जगातली कुठलीही खोली सांगा, तो आधी मान हलवतो आणि मग म्हणतो, “आमच्याकडं सहाशे फुटाला बी फुफाटाच निघतो, सर.” सहलीभर हे वाक्य आमच्या बरोबर होतं.

सहल कुठं न्यायची यावर नेहमीप्रमाणे सभा झाली. एकानं अंदमानचं छापील पत्रक आणलं होतं. विमान, स्वराज द्वीप, शहीद द्वीप, मुखवटा घालून मासे बघणं, सगळं रंगीत. दर बघितल्यावर पोरांनी त्याचा हिशेब तुरीत केला आणि पत्रक घडी घालून परत दिलं. मग कुणीतरी गोवा म्हणालं. गोव्याचं नाव घेतल्यावर पालकांच्या सह्या मिळत नाहीत, हा शिक्षण खात्यात न लिहिलेला पण सगळ्यांना पाठ असलेला नियम. तेव्हा मालवण ठरलं. तिथं मासे पाण्याखाली जाऊन बघता येतात आणि सिंधुदुर्ग किल्ला आहे, त्यामुळं सह्याही मिळतात. सूचनेत आम्ही ‘बेटांची सफर’ असं छापलं. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट एक, आणि देवबागच्या संगमातलं त्सुनामी बेट दुसरं. दोन बेटं झाली की अनेकवचन होतं. व्याकरणाला तेवढं पुरतं.

सह्या घेताना एका पालकांनी मला बाजूला नेलं.

“किल्ला दाखवा. पाण्यात मात्र उतरू द्यायचं न्हाई, सर.”

“किल्ला पाण्यातच हाय की, काका.”

“मग लांबूनच दाखवा.”

येळवशीचा सण नुकताच झाला होता. घरोघरी ज्वारी, शेंगदाणे, गूळ यांची चैन होती. बस निघाली तेव्हा डिकीत पोरांच्या बॅगा कमी आणि कडक भाकऱ्यांचे गठ्ठे जास्त होते. कडक भाकरी महिनाभर टिकते. आम्ही निघालो होतो दोन-चार दिवसांसाठी, पण आयांनी बहुधा निकितिनचा अंदाज धरला होता.

उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर अशी रात्र संपली आणि राधानगरीच्या पुढं उजाडायला लागलं. बिदरचा माणूस कोकणात उतरण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. बहमनी वजीर महमूद गवान 1470 च्या आसपास याच डोंगरांतून लढत गोव्यापर्यंत गेला आणि 1472 मध्ये त्यानं गोवा घेतला. त्याच साली त्यानं बांधलेला मदरसा बिदरला आजही उभा आहे. हे मी माइकवरून सांगत होतो. पोरं झोपली होती. गवानाला रान, घाट आणि पाऊस यांनी हैराण केलं होतं, मला घोरण्यानं केलं.

दाजीपूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातलेला, आणि बससाठी जागा सोडायची अजिबात घाई नसलेला. वन्यजीव आम्हाला नवे नाहीत. आमच्या रानात काळविटांचे कळप हिंडतात, मोर आहेत, रानडुकरं आहेत. पण वन्य प्राणी दिसला की शहरातला माणूस कॅमेरा काढतो आणि आमचा माणूस पिकाकडं बघतो. खिडकीला नाक लावून पैलवान बराच वेळ त्या जनावराकडं पाहत राहिला. हा पैलवान आमच्या सहलीचा भीम. शेवटी म्हणाला, “ह्यो एका रात्रीत दोन एकर तूर संपिवतो बघा.” मागून बोअरवाला म्हणाला, “नुकसानभरपाईचा अर्ज कानडीत लिव्हायचा का मराठीत?” गवा ऐकून निघून गेला.

मालवणच्या धक्क्यावर समुद्र समोर आला तेव्हा काही तरी काव्यात्म घडेल अशी मला आशा होती. शिक्षकाला असते. पोरं गप्प झाली हे खरं. मग एकानं वाकून ओंजळ भरली, चव घेतली, थुंकली आणि सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, “एवढं सगळं वायाच म्हणायचं की!”

होडीत चढताना मालवणी नावाडी हात देत विचारत होता, “खयसून इलात?” आम्ही बिदर म्हटलं. त्याला ते कळलं नाही. हुमनाबाद म्हटलं, तेही नाही. सोलापूरच्या पुढं म्हटल्यावर त्याचा चेहरा कनवाळू झाला. “म्हणजे दुष्काळातले,” तो म्हणाला आणि पैलवानाला होडीच्या मधोमध बसवलं.

सिंधुदुर्गाचं बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे. किल्ल्यावर शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. 2025 च्या जुलैमध्ये ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं त्यांत तो आहे. हे सगळं पोरांनी नीट ऐकलं, ठशांना हात जोडले, फोटो काढले. पण त्यांचे पाय जिथून हलेनात ती जागा वेगळी होती. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव.

आमच्या पोरांना पोवळी, डॉल्फिन, क्षितिज यांपैकी कशानंही इतका धक्का दिला नाही. बोअरवाला पोटावर पडून विहिरीत डोकावला. त्याची पहिली शंका अशी की हे रात्री टँकरनं भरत असतील. मी समजावलं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. विहीर बेताची खोल ठेवली तर गोडं मिळतं, हावरटपणानं खाली गेलं की खारं लागतं.

तो उठून कपडे झटकत म्हणाला, “म्हणजे हितं जास्त खोल गेलं की खारं. आमच्याकडं जास्त खोल गेलं की कर्ज.”

बिदरच्या लोकांनी पाण्याच्या बाबतीत फार नवल करण्याचं खरं तर कारण नाही. बहमनी काळात जमिनीखालून बोगदे खणून पाणी आणणारी सुरंग बावी आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. बिदरचा किल्लाही ज्या लाल जांभ्या दगडाचा आहे, त्याच जांभ्यानं अख्खं कोकण बांधलेलं आहे. ‘बघा, दगड आपलाच’ असं मी पोरांना दाखवलं. त्यांना ते फार आवडलं. दोघांनी तिथल्या जांभ्याच्या भिंतीवर माहेरच्या माणसाला ठेवावा तसा हात ठेवला.

मग ती वेळ आली ज्यासाठी आयांनी नवस बोलले होते. किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यातच मासे आणि पोवळी दाखवायला नेतात. हा मालवणच्या सागरी अभयारण्याचा भाग. 1987 साली जाहीर झालेलं, जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं. होडीत प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता, ‘पोहता येते का?’ आमच्या सगळ्या पोरांनी ‘होय’ लिहिलं आणि एकानं पुढं कंसात ‘उत्तम’.

ते खोटं नव्हतं. दुबलगुंडीच्या शिवारात जुन्या विहिरी आहेत. सातव्या-आठव्या वर्षी चुलता पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधतो आणि न विचारता ढकलून देतो. उन्हाळा संपेपर्यंत पोर वरच्या चिऱ्यावरून मुटका मारायला लागतं. पाणी उडावं, काठावरच्यांनी शिव्या द्याव्यात, ही त्या विद्येची पदवी परीक्षा. पण विहिरीचं पोहणं म्हणजे दोन हात मारले की भिंत. दमलं की चिरा धरायचा, पायरीवर बसायचं, वर कुणी भाकरी घेऊन आलंय का बघायचं. पहिला गडी होडीतून उतरला, दोन हात मारले आणि सवयीनं धरायला हात पुढं केला. पुढं होता अरबी समुद्र. त्याच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटला तो मी शब्दांत मांडू शकत नाही. तो ओरडला, “काठ कुठाय?”

“काठ ओमानाक,” नावाडी म्हणाला.

लाइफ जॅकेट होतं, रिंग होती, रिंग ओढायला तिथलाच एक तरुण पाणबुड्या होता, त्यामुळं कुणी बुडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो मुखवट्याचा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून चोळायची आणि मग धुवायची, असं पाणबुड्यानं सांगितलं. थुंकण्याच्या कामाला आमच्याकडं मनुष्यबळाची कमतरता नाही. फक्त एकाच्या तोंडात सुपारी होती. त्याला पुढची पंधरा मिनिटं सगळा समुद्र तांबडा दिसला.

माझं संकट निराळं होतं. मुखवट्याची रबरी कड वरच्या ओठावर चिकटून बसली तरच पाणी आत येत नाही, आणि माझ्या वरच्या ओठावर घराण्याची मिशी आहे. कड मिशीवर टेकली, केसांमधून पाणी झिरपलं आणि मुखवटा नाकापर्यंत भरला. मी वर आलो. रिकामा केला. परत घातला. परत भरला. पाणबुड्या माझ्याभोवती एक गोल फिरला, मिशीचं सर्व बाजूंनी निरीक्षण केलं आणि म्हणाला, “मास्तरांनू, ही काढूची लागतली.” पोरं एकदम शांत झाली. तीन पिढ्यांचा प्रश्न होता. मग त्यानं होडीच्या फळीखालून व्हॅसलिनची चपटी डबी काढली, दोन बोटं भरून घेतली आणि माझ्या मिशीचा एकेक केस ओठावर चापून बसवला. आयुष्यात माझ्या मिशीला परक्या माणसानं हात लावण्याचा तो पहिला प्रसंग. पण त्यानंतर पाणी आलं नाही.

आणि मग दिसलं. खडकांवर जांभळट, पिवळट, तपकिरी पोवळी. काही मेंदूच्या वळ्यांची, काही तबकडीसारखी पसरट. पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेले चिमुकले मासे घोळक्यानं काचेपाशी येऊन आमच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होते. एक निळा-हिरवा पोपटमासा खडकाला दात लावून कुरतडत होता आणि ते कुरतडणं पाण्यात चक्क ऐकू येत होतं. नळीतून आपलाच श्वास घुमत असतो आणि त्याच्या मागं हा कुडुम-कुडुम आवाज.

पैलवानाला हे सगळं फार आवडलं. आवडलं की तो अंगठा दाखवतो. पाणबुड्यांच्या खुणांत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा असतो, हे होडीत सांगितलं होतं, पण तेव्हा पैलवान ओकत होता. तो खाली बघायचा, खूष व्हायचा, अंगठा वर करायचा. पाणबुड्या घाबरून त्याला होडीकडं ओढायचा. पैलवान रागावून परत रिंग धरायचा, खाली बघायचा, खूष व्हायचा. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी त्याला होडीत बसवलं तेव्हा तो मला म्हणाला, “सर, हितल्या लोकांस्नी आपलं सुख बघवत न्हाई.”

सगळ्यांत जास्त पाहिलं ते जंगमांच्या घरातल्या पोरीनं. गळ्यातलं लिंग ओढणीनं घट्ट बांधून ती उतरली, शांतपणे तोंड पाण्यात घातलं आणि नेमून दिलेली वेळ संपेपर्यंत वर काढलंच नाही. बाकीच्यांची अडचण अशी की मासा दिसला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि तोंडात नळी असताना ते सोयीचं नसतं. पाण्याबाहेर येऊन ते एकच विचारायचे, “ह्यो खायला कसा लागतो?” हिला तो प्रश्नच नव्हता. तिनं माशांचे पट्टे मोजले होते. समुद्रफुलाच्या बोटांत लपलेली जोडी पाहिली होती. खडकाखाली पाय मुडपून बसलेला खेकडाही तिलाच सापडला. मासे निवांतपणे बघायचे असतील तर पिढीजात शाकाहार असावा, हे माझं स्पष्ट मत झालं आहे.

एकानं मला हळूच विचारलं, मंगळाला चालणारं पोवळं यातलं कोणतं? अंगठीतलं लाल पोवळं दूरच्या समुद्रांतून येतं. इथल्या पोवळ्याला मंगळाचं काही देणंघेणं नाही. पण प्रश्न पाणबुड्यानं ऐकला आणि तो एकदम गंभीर झाला. “हात लावाचो नाय. जिवंत आसा ता.” वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत आमचं काळवीट आहे तिच्यातच पोवळंही आहे, असं मी सांगितल्यावर पोरांना एका झटक्यात पटलं. काळविटाला हात लावल्यावर काय होतं हे सिनेमावाल्यांच्या कृपेनं साऱ्या देशाला माहीत आहे.

दुपारी खानावळीत माशांशी दुसरी भेट झाली. सकाळी ज्यांचे डोळे पाहून हळहळले तेच लोक बांगडा उलटा करून खालची बाजू तपासत होते. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. सोलकढी बघून आमचं म्हणणं पडलं की हे ताक लाजलंय. पोरांनी पिशवीतून कडक भाकरी काढली, पण समुद्राच्या दमट हवेनं काही तासांतच तिचा कडकपणा संपवला होता. ती वाकत होती. वाकणारी कडक भाकरी मी प्रथमच पाहिली, आणि पुन्हा पाहू इच्छित नाही. शेंगाची चटणी मात्र टिकली. खानावळीच्या मावशींनी चिमूटभर चाखली, डोळे पुसले आणि आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. अर्धगोलात टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याचे दोन दोर, आणि दोन्हीकडं माणसांच्या रांगा. “हात लावा रे,” म्हणून हाक आली आणि कालचा अपमान विसरून पैलवान धावला. त्याच्यामागं सगळेच. समुद्राकाठी आम्ही उपयोगी पडलो ते इथंच. दोर ओढणं, टाच रुतवणं, एका सुरात ओरडणं या आमच्या घरच्या विद्या. जाळं वर आलं तेव्हा त्यात बांगडे होते, पेडवे होते, दोन जेलीफिश होते आणि आमच्यातल्या कुणाची तरी काल हरवलेली चप्पल होती. ओढणाऱ्याला वाटा द्यायची तिथं रीत आहे. जंगमांच्या पोरीलाही इमानेइतबारे तिचा वाटा मिळाला. दोन्ही हातांत फडफडणारे पेडवे धरून ती मला विचारत होती, “सर, आता ह्यांचं मी काय करू?” नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. तिनं ते वळून खानावळीच्या मावशींना दिले आणि बदल्यात कोकमाची पुडी घेतली. व्यवहारात तोटा नाही.

डॉल्फिन दिसले. म्हणजे नावाडी “थंय बघा” म्हणायचा, आम्ही थंय बघायचो, तोवर ते हंय गेलेले असायचे. माझ्या वाट्याला एक पाठ आणि अर्धी शेपटी आली. यापेक्षा जास्त दिसल्याचं जे सांगतात त्यांचे व्हिडिओ मागून घ्यावेत.

त्सुनामी बेटाबद्दल मात्र सांगायला हवं. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमातला हा वाळूचा पट्टा. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. ओहोटीला वाळू उघडी पडते, कडेला गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं, भरतीला बेट पाण्याखाली. आमची पोरं शेतकऱ्यांची. जमीन दिसली की पहिला प्रश्न मालकाचा, म्हणजे पहाणीचा, आमच्याकडच्या सातबाऱ्याचा. “ह्या बेटाची पहाणी कुणाच्या नावावर निघते?” होडीवाल्यानं सांगितलं, सरकारच्या. मग चर्चा रंगली. सकाळी असते, संध्याकाळी नसते, अशा जमिनीचा सर्व्हे तलाठी कधी करणार? बांधाचं भांडण भरतीत करायचं का ओहोटीत? एकानं विचारलं की हिच्यावर पीककर्ज मिळेल काय. बोअरवाला पायानं वाळू उकरत होता. दोन फुटांवर पाणी लागलं. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खाऱ्या वाऱ्यानं असावं. “सर,” तो म्हणाला, “दोन फुटाला!”

दुबलगुंडीत आता या सहलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या प्रचारात आहेत. पैलवानाच्या आवृत्तीत रापण त्यानं एकट्यानं ओढली. विश्वास कोणावर ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. पण जाणार असाल तर काही गोष्टी ऐका. हिवाळ्यात जा, तेव्हा पाणी नितळ असतं. पावसाळ्यात होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, उगाच हेलपाटा पडेल. मिशी असेल तर व्हॅसलिन घरून न्या. आनंद झाला तरी अंगठा आवरा. कडक भाकरी हवाबंद डब्यात ठेवा. आणि पाण्यात दम लागला, धरायला काठ सापडला नाही, तरी पोवळ्यावर पाय टेकू नका, रिंग धरा. ते पोवळं वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर वाढतं.